मुदत सरकारला, उपास गावाला

सरकारला मुदत देणं हा जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातला सर्वांत महागडा व्यवहार आहे. आणि त्याची किंमत मोजतो तो मुदत देणारा.

तारखा एकदा ओळीने लावून बघू. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीत उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि तालुक्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसलेलं हे गाव राज्यभर पोचलं. मग मंत्र्यांच्या गाड्या आल्या, बंद लिफाफे आले, दुरुस्त केलेले मसुदे आले. सरकारने महिना मागितला, जरांगे यांनी वर दहा दिवस दिले. १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः गावात आले, रसाचा पेला पुढे झाला आणि सतराव्या दिवशी उपोषण सुटलं. मुदत ठरली २४ ऑक्टोबरपर्यंतची.

२४ ऑक्टोबर आला तसा गेला. २५ला माणूस पुन्हा त्याच मांडवात उपाशी. २ नोव्हेंबरला शिष्टमंडळ आलं, त्यात दोन निवृत्त न्यायमूर्ती होते, आणि नवी मुदत घेऊनच ते परतलं. ही मुदत नक्की कधी संपणार यावरच दोन तोंडांनी दोन तारखा आल्या. जरांगे म्हणाले २४ डिसेंबर, सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं २ जानेवारी. नऊ दिवस अन्न सोडलेल्या माणसासमोर बसून जी गोष्ट पक्की करायची होती, ती म्हणजे एक तारीख. तीसुद्धा पक्की होऊ नये?

पुढे २० जानेवारी २०२४ला अंतरवालीहून मुंबईकडे मोर्चा निघाला, २७ला वाशीत पुन्हा रसाचा पेला झाला. १० फेब्रुवारीला पुन्हा उपोषण. जूनमध्ये पुन्हा उपोषण आणि पुन्हा महिन्याची मुदत, १३ जुलैपर्यंतची. जुलैत उपोषण, सप्टेंबरमध्ये उपोषण, २०२५च्या जानेवारीत उपोषण. अखेर २७ ऑगस्ट २०२५ला गावाने मुंबईचा रस्ता धरला, आणि २ सप्टेंबरला आझाद मैदानावर, हैदराबाद गॅझेटच्या जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय हातात पडला. पहिल्या उपोषणापासून दोन वर्षं उलटून गेली होती.

मराठा आरक्षणाचा प्रश्न कोणाच्या बाजूने आणि कसा सुटावा, हा आजच्या सदराचा विषय नाही. त्यावर जालन्यात घराघरात मतं आहेत. अंतरवालीपासून काही किलोमीटरवर, त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीत, जून २०२४मध्ये लक्ष्मण हाके ओबीसींच्या बाजूने उपोषणाला बसलेच होते. मागणी उलटी, मांडव तसाच. तिथेही डॉक्टर रक्तदाब मोजत होते, तिथेही मंत्री येऊन आश्वासन देऊन गेले. एका तालुक्यातले दोन समाज, एकमेकांच्या विरुद्ध मागण्या घेऊन बसलेले, आणि दोघांकडेही सरकारला तारीख पाळायला लावण्याचा उपाय एकच: स्वतःच्या पोटाला चिमटा. माझा राग या गोष्टीवर आहे.

कारण मुदत मोडली तर मोडणाऱ्याचं काय जातं? काहीही नाही. त्याचा पगार थांबत नाही, खुर्ची हलत नाही, गोपनीय अहवालात शेरा येत नाही. ज्याने मुदत दिली त्याचं वजन घटतं, त्याला सलाईन लागतं, त्याच्या गावातली पोरं गुन्हे अंगावर घेऊन तारखांना कोर्टात हजर राहतात. कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तिने लाखो पानं चाळून काम केलं हे मान्यच आहे. पण त्या समितीलाही मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. सरकारी कागदावर हा शब्द किती सहज उमटतो! 'मुदतवाढ देण्यात येत आहे.' कर्त्याचं नाव नाही, कारणाची जबाबदारी कोणाच्या माथी नाही, आणि वाढवलेले महिने कोणाच्या आयुष्यातून गेले त्याचा पत्ता नाही.

आता दुसरी बाजू बघा. तीच माणसं आझाद मैदानावर गेली तेव्हा त्यांना परवानगी मिळाली ती एका दिवसाची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. पुढे ती दिवसादिवसाने वाढवून मागावी लागली. २ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने मैदान रिकामं करायला दुपारी ३ची वेळ दिली. मुंबई ठप्प झाली होती, रुग्णवाहिका अडकत होत्या, न्यायालयाने वेळ घालून दिली यात मला वावगं वाटत नाही. पण फरक तर डोळ्यांत भरतोच. सरकारची मुदत महिन्यांनी मोजली जाते, माणसांची तासांनी.

'मुदत' हा शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि इथे चांगलाच रुजला. मूळ अर्थ नुसता कालावधी. आपण त्यातून मुदत ठेव काढली, मुदतबाह्य काढलं, मुदतवाढ काढली. वर्तमानपत्रांनी अलीकडे त्याच्या जागी 'डेडलाइन' आणि 'अल्टिमेटम' हे शब्द घेतले आहेत. अंतरवालीच्या बातम्यांत तर रोज एक डेडलाइन असायची. हा शब्द कुठून आला ते सांगायलाच हवं, कारण आपल्या विषयाचं वर्म तिथेच आहे.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. दक्षिणेच्या सैन्याने फेब्रुवारी १८६४मध्ये जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांसाठी छावणी उघडली. भोवती ओंडक्यांचा उंच तट, तटावर ठरावीक अंतराने पहारेकऱ्यांच्या मचाणवजा चौक्या. तटाच्या आत सुमारे १९ फुटांवर हलक्या फळ्यांचं एक बुटकं कुंपण घातलेलं होतं. त्या कुंपणाला हात लावला, पलीकडे पाय टाकला, की चौकीवरून गोळी. विचारपूस नाही. या कुंपणाचं नाव 'डेड लाइन'. तसल्या रेषा तेव्हाच्या इतर तुरुंगांतही होत्या, पण युद्ध संपल्यावर छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला, १० नोव्हेंबर १८६५ला त्याला फाशी झाली, आणि त्या खटल्याच्या बातम्यांतून हा शब्द देशभर पसरला. पुढे छापखान्यातल्या यंत्रावर ज्या खुणेपलीकडचे खिळे उमटत नसत त्या खुणेलाही हेच नाव पडलं. १९२०च्या आसपास अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत त्याला वेळेचा अर्थ चिकटला: बातमी द्यायची शेवटची घटका.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. पुढची फारशी सांगितली जात नाही. अँडरसनव्हिलमध्ये चौदा महिन्यांत सुमारे ४५ हजार कैदी येऊन गेले आणि त्यांतले जवळपास १३ हजार मेले. रेषा ओलांडली म्हणून गोळी खाल्लेले त्यात मूठभर. बाकीचे जवळजवळ सगळे रेषेच्या आत मेले, नियम पाळून मेले. हगवणीने मेले, स्कर्व्हीने मेले, उपासमारीने मेले. दोन्ही बाजूंनी कैद्यांची अदलाबदल करायची पद्धत होती, ती बंद पडली होती. आज सुरू होईल, पुढच्या महिन्यात सुरू होईल, अशी वाट बघत ही माणसं गेली. त्यांच्यासाठी १९ फुटांवर कुंपण होतं, पण त्यांना अन्न आणि औषध कधीपर्यंत द्यायचं याची रेषा कोणी आखलेली नव्हती. ज्याच्या हातात बंदूक त्याने रेषा दुसऱ्यासाठी आखली.

आता परत जालन्यात या आणि आपल्याकडच्या रेषा कोणासाठी आखलेल्या आहेत ते बघा.

खरीप पीक विम्याची नेहमीची तारीख ३१ जुलै. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्याच्या गावी ३० जुलैच्या संध्याकाळी सेवा केंद्रापाशी जाऊन उभं राहावं. पायऱ्यांवर माणसं बसलेली, प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आधार, पासबुक आणि त्यांच्या झेरॉक्स. आतला पोरगा एकच पान दहा वेळा उघडतो. ते फिरत राहतं.

'मामा, सर्व्हर डाऊन हाये. उद्या सकाळी या.'

'आरं, उद्या तर तारीख सरतीय की.'

'मी काय करू मग?'

त्या पोराचाही दोष नाही. पण सर्व्हर बंद राहिला तो वेळ शेतकऱ्याच्या खात्यातून वजा होतो, हे कोणत्या न्यायाने? पुष्कळदा शेवटच्या क्षणी मुदतवाढ जाहीर होते हे खरं. मात्र तोवर तो माणूस मजुरी बुडवून दोन दिवस तिथे बसून गेलेला असतो.

शेतात पाणी शिरलं, सोयाबीन झोपलं, तर २०२४च्या खरिपापर्यंत नियम असा होता की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवा. वीज गेलेली, फोन उतरलेला, ओढ्याला पूर आलेला, तरी ७२ तास. त्र्याहत्तराव्या तासाला कळवलं तर दावा बाद. या योजनेच्या २०१८च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत कंपनीसाठीही मुदत घातलेली आहे: भरपाई वेळेत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. शेतकऱ्याला ७२ तास तोंडपाठ असतात. हे १२ टक्के कितीजणांना माहीत आहेत? गावात त्याचा फलक लावायची तसदी कोणी घेतली? २०२५मध्ये राज्याने योजना बदलली, पीक कापणी प्रयोगावर भरपाई आली, आणि ते ७२ तासही गेले, त्यांच्यासोबत स्थानिक आपत्तीचं संरक्षणही गेलं.

उसाचं उदाहरण तर आणखी उघड आहे. अंकुशनगरच्या पट्ट्यात ऊस आहे, तीर्थपुरीच्या पट्ट्यात आहे. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं. साठ वर्षं झाली या कायद्याला. राज्यात दर हंगामात थकीत एफआरपीच्या बातम्या येतात, संघटना साखर आयुक्तालयावर जातात. एकटा शेतकरी मात्र व्याज मागायला जात नाही. कारण पुढच्या वर्षी तोड त्याच कारखान्याकडून हवी असते. टोळी वेळेवर आली नाही तर ऊस फडात वाळतो, त्याला तुरे फुटतात, वजन घटतं. आपण व्याज मागितलं आणि आपली पाळी मागे गेली तर काय, ही धास्ती त्याच्या मनात असते. कायद्यातली मुदत त्याच्या बाजूची आहे, तरीही ती त्याला वापरता येत नाही.

आणि ३१ मार्च! सोसायटीचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याजाची सवलत, नाही फेडलं तर थकबाकीदार. सवलत चांगलीच आहे. पण कापूस घरात पडून आहे, तुरीचे पैसे आलेले नाहीत, मोसंबीचा बहर गळून गेलाय, अशा वेळी मार्चअखेर माणूस काय करतो ते गावात सगळ्यांना माहीत आहे. त्याला नवंजुनं म्हणतात. सावकाराकडून चार-आठ दिवसांच्या बोलीने रक्कम उचलायची, ती सोसायटीत भरायची, खातं निल दाखवायचं, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातूनच सावकाराला परत करायची. त्या आठ दिवसांचं व्याज बँकेच्या वर्षाच्या व्याजाला मागे टाकतं. वहीत मुदत पाळली गेली असं दिसतं. प्रत्यक्षात ती पाळण्यासाठी माणूस सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसलेला असतो.

शेतकऱ्याने तारखा पाळायच्या. ठीक. मग राज्यघटनेने सरकारसाठी घातलेल्या तारखेचं काय? जिल्हा परिषदेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेच्या २४३ ई या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये निवडून आलेल्या जालना जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. तेव्हापासून प्रशासक. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका उरका असं बजावलं. चार महिने सरले, राज्य निवडणूक आयोगाने आणखी वेळ मागितला, न्यायालयाला ३१ जानेवारी २०२६ ही नवी तारीख घालून द्यावी लागली. अख्खी पाच वर्षांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ गटातल्या माणसाला रस्त्यासाठी, शाळेच्या पत्र्यासाठी, आरोग्य केंद्रातल्या औषधासाठी दारात जाऊन भांडायला स्वतःचा सदस्य नव्हता. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे कारण आहे. पण असलं कारण सांगून शेतकऱ्याचा एक अर्ज तरी मुदतीनंतर कोणी घेतला आहे का?

या सगळ्यावर एक उत्तर नेहमी मिळतं: सरकारचं काम मोठं असतं, त्याला वेळ लागतोच. अवघड प्रश्नाला वेळ लागतो हे मलाही पटतं. आरक्षणासारखा प्रश्न चाळीस दिवसांत कोणीच सोडवू शकत नव्हतं. जाणकारांना ते १४ सप्टेंबरलाही कळत होतं, पेला पुढे करणाऱ्यांनाही कळत असणार. मग तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं की एवढ्यात होणार नाही, वर्ष लागेल, अमुक टप्पा अमुक तारखेला करू, नाही केला तर अमुक मंत्री इथे येऊन उत्तर देईल. गावाने ऐकलं असतं की नसतं हा पुढचा प्रश्न. पण उपोषण आज सुटावं म्हणून जी तारीख आपल्याला पाळता येणार नाही ती मान्य करायची, ही फसवणूक आहे. तिला वाटाघाटी म्हणू नये.

आणि रोजच्या साध्या कामांना तर हे उत्तरच लागू नाही. २००५चा बदल्या आणि दिरंगाईचा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याच्या टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा याहून पुढे जातो. जातीचा दाखला असो, उत्पन्नाचा असो, नॉन क्रीमी लेअर असो, अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत, जबाबदार अधिकारी ठरवून दिलेला आहे. वेळेत सेवा नाही मिळाली तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं. आपल्या विभागासाठी आयोगाचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड, तोही त्याच्या खिशातून.

हा दंड लहान आहे. पण मुदत मोडणाऱ्याच्या खिशाला हात घालणारी तरतूद या राज्यात आहे आणि ती तुमच्या-माझ्या हातात दिलेली आहे. ती फारशी वापरली जात नाही, कारण तिचं घड्याळ सुरू होतं ते पावतीपासून, आणि पावती आपण मागत नाही. अर्ज देतो, बाबू म्हणतो 'ठेवून जा, बघतो', आपण ठेवून येतो. त्या दिवशी मुदत सुरूच झालेली नसते.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तहसीलला, पंचायत समितीत, महापालिकेत गेलात तर आधी भिंत बघा. सेवेचं नाव, लागणारे दिवस, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव, अपील कोणाकडे, हा सगळा फलक दर्शनी भागात लावणं कायद्याने बंधनकारक आहे. कपाटामागे गेला असेल तर बाहेर काढायला सांगा. नसेलच तर तसं लेखी द्या. कुणबी दाखल्याचा अर्ज असो की ओबीसीच्या नॉन क्रीमी लेअरचा, अर्जाचा क्रमांक आणि तारीख असलेली पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. दिवस भरले की त्याच पावतीची झेरॉक्स जोडून पहिलं अपील टाका, आणि अपिलाची पोच घ्या.